लिलावातून जुनी चिनी माती घेताना: हातोडा पडण्याआधीची कामं, क्रमाने

बशी घरी येते, कागदातून बाहेर निघते, खिडकीशी धरली की काठाला केसाएवढी चीर दिसते. ती चीर लिलावाच्या दिवशीही होती. फोटोत दिसत नव्हती, सूचीत लिहिलेली नव्हती आणि विचारायचं राहून गेलं होतं. नवे संग्राहक पुन्हापुन्हा एकाच क्रमाने जातात: वस्तू आवडते, बोली लागते, पैसे भरले जातात आणि तपासणी सगळ्यात शेवटी होते. खालच्या पायऱ्यांत तपासणी आधी आहे आणि बोली जवळजवळ शेवटी. एखादी पायरी गाळावीशी वाटली, तर त्या दिवशी बोली लावू नका.

## पायरी १: क्षेत्र आखून घ्या

"जुनी सुंदर भांडी" हे क्षेत्र होत नाही. एक कारखाना, एक तंत्र, एक आकार किंवा एक कालखंड निवडा. अठराव्या शतकातले निळे-पांढरे चहाचे पेले, टिन-ग्लेझची (कथील घातलेल्या पांढऱ्या, काचेसारख्या लेपाची) ताटं, इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरच्या मूर्ती, असं काहीतरी नेमकं. नजर तयार होते ती सारख्या वस्तू वारंवार पाहून. दर वेळी वेगळी वस्तू पाहिली तर काहीच लक्षात राहत नाही.

क्षेत्र ठरवण्याचं दुसरं कारण जास्त व्यवहारी आहे. कोणता दोष चालतो आणि कोणता नाही, हे वस्तूच्या जातीवर ठरतं. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टसारख्या टिन-ग्लेझच्या भांड्यात खालची माती मऊ आणि वरचं ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, ठिसूळ असतं. दोन-अडीचशे वर्षांच्या ताटाच्या काठावर बारीक टवके असणारच, आणि जाणकार ते धरून चालतात. तसाच टवका विसाव्या शतकातल्या हजारोंनी निघालेल्या पोर्सिलेनच्या (पांढऱ्या, घट्ट चिनी मातीच्या) बशीवर असेल, तर ती बशी संग्रहासाठी जवळजवळ बाद. दोष मोजण्याची मोजपट्टी एकच नसते.

सुरुवातीचे दोन-तीन महिने फक्त बघा. आवडलेल्या प्रत्येक लॉटपुढे (लॉट म्हणजे एका क्रमांकाखाली विकली जाणारी वस्तू किंवा वस्तूंचा गट) आपला अंदाज वहीत लिहा आणि लिलावानंतर खरी किंमत त्याशेजारी लिहा. पन्नासेक नोंदी झाल्या की आपला अंदाज कुठे घसरतो ते स्पष्ट दिसतं. बहुतेकांचा तो सजावटीवर भाळून वर जातो.

सोबत काय लागेल: दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटा पण प्रखर टॉर्च, ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही (अतिनील) टॉर्च, ज्याखाली जुनी दुरुस्ती बरेचदा चमकते, कापडी मापपट्टी, वही आणि पेन्सिल. स्वस्त यूव्ही टॉर्च बहुधा ३९५ नॅनोमीटरचे असतात. त्यांचा जांभळा उजेड इतका पडतो की त्यात दुरुस्तीची चमक बुडून जाते.

## पायरी २: सूची शब्दाशब्दाने वाचा

लिलावघरं शब्द मोजून वापरतात, तुम्हीही ते मोजूनच वाचले पाहिजेत. मथळ्यात कारखान्याचं नाव आणि काळ थेट दिला असेल, तर ते त्या घराचं मत असतं. त्यात एक शब्द वाढला की अर्थ फिरतो.

- 'ॲट्रिब्युटेड टू': बहुधा त्याच कारखान्याची वस्तू, पण खात्री देत नाही.
- 'इन द स्टाइल ऑफ', 'मॅनर ऑफ': त्या धाटणीची. त्या कारखान्याची किंवा त्या काळाची आहे असा दावा नाही.
- 'आफ्टर': मूळ नमुन्यावरून केलेली नक्कल. कधी केली ते कदाचित सांगितलेलं नसेल.
- 'बेअर्स मार्क': तळावर कारखान्याची किंवा राजवटीची खूण आहे. ती खरी आहे असं कोणी म्हटलेलं नाही.
- 'ए/एफ' किंवा 'ॲज फाउंड': दोष आहे, आहे तशी घ्या.

चिनी पोर्सिलेनमध्ये हा फरक सर्वांत महाग पडतो. 'कांग्शी मार्क अँड ऑफ द पिरियड' म्हणजे कांग्शी सम्राटाची (१६६२–१७२२) खूण आणि वस्तूही त्याच काळातली. नुसतं 'कांग्शी मार्क' लिहिलं असेल, तर वस्तू नंतरची आहे असं समजूनच पुढे जा. मी कितीतरी लोकांना या दोन ओळी एकच समजून बोली चढवताना पाहिलं आहे.

विशेषणंही तपासा. 'लेटर', म्हणजे नंतरचं, हा शब्द झाकणापुढे आला आहे की संपूर्ण वस्तूपुढे? 'मॅच्ड' म्हणजे जुळवलेली जोडी: दोन भांडी सारखी दिसतात, पण एकत्र जन्मलेली नाहीत. 'असोसिएटेड' झाकण म्हणजे दुसऱ्या भांड्याचं झाकण इथे बसवलेलं.

> थांबा: सूचीत दोषाचा उल्लेख नाही म्हणजे वस्तू निर्दोष आहे, असं नाही. अनेक लिलावघरांच्या अटींत हे स्पष्ट लिहिलेलं असतं. अटींचं पान एकदा पूर्ण वाचा. ठरवून केलेल्या बनावट वस्तूसाठी काही घरं ठरावीक मुदतीत पैसे परत देतात. तडा, टवका, दुरुस्ती यांसाठी सहसा देत नाहीत.

## पायरी ३: कंडिशन रिपोर्ट नेमका मागा

कंडिशन रिपोर्ट म्हणजे वस्तूच्या अवस्थेबद्दल लिलावघराने दिलेला अहवाल. नुसतं "कंडिशन कशी आहे?" असं विचारलं की "वयाच्या मानाने चांगली" असं उत्तर येतं आणि ते कुठल्याही वस्तूला लागू पडतं. लिलावाच्या किमान दोन दिवस आधी, लेखी आणि मुद्देसूद विचारा:

1. काठ, तोटी, मूठ, झाकणाची गाठ, मूर्तीची बोटं आणि पानं-फुलं, यांवर टवका, चीर किंवा तुटफूट आहे का?
2. कुठे दुरुस्ती किंवा वरून रंगकाम आहे का? यूव्हीखाली पाहिलं आहे का?
3. झाकण, तबक, बैठक मूळचीच आहे का?
4. उंची आणि व्यास किती? जोडी असेल तर दोन्हींची मापं वेगवेगळी द्या.
5. तळाला किंवा भिंतीला भोक पाडलेलं आहे का?
6. पूर्ण तळाचा फोटो आणि काठाचा बाजूने उजेड टाकून काढलेला फोटो पाठवाल का?

दुसऱ्या प्रश्नाचा शेवटचा भाग विसरू नका. "दुरुस्ती दिसली नाही" आणि "यूव्हीखाली पाहिली, दुरुस्ती दिसली नाही" या दोन उत्तरांच्या किमतीत मोठं अंतर आहे.

पाचवा प्रश्न अनेकांना विचित्र वाटतो. फुलदाण्यांचे दिवे करण्याची मोठी पद्धत होती. वायर नेण्यासाठी त्यांच्या तळाला भोक पाडलं जाई, पुढे कधीतरी ते बुजवून वरून रंग दिला जाई. फोटो समोरून काढला की यातलं काहीच दिसत नाही.

## पायरी ४: हातात घेऊन पाहा

शक्य असेल तर पूर्वदर्शनाला, म्हणजे लिलावाआधी वस्तू पाहायला ठेवतात तेव्हा, स्वतः जा. शक्य नसेल तर त्या गावातल्या कुणा जाणत्याला पाठवा. या पायरीला मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण बाकीच्या पायऱ्यांतल्या चुका इथे पकडता येतात.

अंगठ्या, घड्याळ, लोंबणाऱ्या चेन काढून ठेवा. वस्तू मऊ कापड टाकलेल्या टेबलावर, टेबलाच्या काठापासून आत ठेवा. झाकण आधी उचलून बाजूला. भांडं नेहमी दोन हातांनी, एक हात तळाखाली. मुठीला धरून किंवा काठाला चिमटीत धरून कधीच उचलू नका. जुनी चिकटवलेली मूठ तुमच्या हातातच सुटली, तर ती वस्तू तुमची झालीच म्हणून समजा.

आता क्रम: आधी डोळे, मग बोटं, मग उजेड, मग भिंग, मग यूव्ही, शेवटी आवाज.

डोळे. हातभर लांबून पाहा. आकार तोललेला वाटतो का? मान जरा आखूड, काठ जरा जाड, झाकण जरा लहान, असं काही खटकतं का? खटकलं ते वहीत लिहा. ही पहिली खटक बरेचदा खरी निघते.

बोटं. डोळे मिटून बोटाचं पेर काठावरून सावकाश फिरवा. टवका भरून रंगवला असेल, तर तिथे पृष्ठभाग किंचित मऊ, उबदार आणि चिकटसर लागतो. खरं ग्लेझ काचेसारखं थंड असतं. मग मुठीचे सांधे, मूर्तीचा गळा, मनगटं. तुटतं ते याच ठिकाणी.

उजेड. प्रखर टॉर्च भांड्याच्या आत धरा आणि बाहेरून पाहा. पोर्सिलेन आणि बोन चायनातून (हाडांची राख घालून केलेल्या चिनी मातीतून) उजेड पार येतो आणि चीर त्यात काळ्या रेघेसारखी उठून दिसते. भरलेला भाग अपारदर्शक डागासारखा दिसतो. अर्दनवेअर (कमी तापमानाला भाजलेली सच्छिद्र माती) आणि बहुतेक स्टोनवेअरमधून (जास्त तापमानाला भाजलेल्या घट्ट मातीतून) उजेड येत नाही, तिथे टॉर्च आडवा धरून पृष्ठभागावर सावली पाडा.

भिंग. दोन गोष्टी शोधा. एक, रंगकाम. हाताने रंगवलेल्या रेषेत कुंचल्याची जाडी कमी-जास्त होते, छापील नक्षीत ती एकसारखी राहते. आणि रंग जर आधुनिक छपाईसारख्या सारख्या ठिपक्यांच्या जाळीत दिसला, तर वस्तू जुनी असूच शकत नाही. दोन, झीज. तळाचा कडा टेबलावर शेकडो वेळा सरकलेला असतो, त्यामुळे ओरखडे सगळ्या दिशांना आणि जिथे स्पर्श होतो तिथेच असतात. एकाच दिशेचे समांतर ओरखडे किंवा खोलगट भागातली झीज म्हणजे कोणीतरी पॉलिशपेपर फिरवलेला आहे.

यूव्ही. अंधाऱ्या कोपऱ्यात जा. जुने गोंद आणि वार्निश बरेचदा पिवळसर किंवा दुधी चमकतात. मात्र ग्लेझही आपापल्या जातीप्रमाणे वेगवेगळं चमकतं, म्हणून एका ठिकाणचा रंग पाहून निर्णय करू नका. त्याच भांड्यावर रंगात अचानक फरक पडलेला तुकडा शोधा. चमक दिसली नाही म्हणजे दुरुस्ती नाही, असंही नाही. यूव्हीखाली न चमकणारी साहित्यं आजचे दुरुस्ती करणारे वापरतात. म्हणून बोटं आणि भिंग आधी.

आवाज. भांडं पंज्यावर मोकळं ठेवून बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारा. धड पोर्सिलेन खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. पण अर्दनवेअर मुळातच बद्द वाजतं, आणि मूर्ती, चहादाण्या, अरुंद तोंडाच्या बाटल्या यांना ही चाचणी लागू पडत नाही. आधीच चीर दिसली असेल, तर टिचकी मारूच नका.

> चीर कुठली ते ओळखा: भट्टीत पडलेल्या भेगेच्या कडा गोलसर असतात आणि ग्लेझ तिच्यात उतरलेलं असतं. ती जन्माची असते आणि बऱ्याच जुन्या वस्तूंत खपवून घेतली जाते. नंतरचा तडा धारदार असतो, नखाला अडतो आणि त्यात मळ बसतो. ग्लेझवरचं बारीक जाळं, म्हणजे क्रेझिंग, ही तिसरीच गोष्ट: माती आणि ग्लेझ यांचं प्रसरण जुळत नाही म्हणून ते पडतं. काही भांड्यांत ते मुद्दाम आणलेलं असतं.

आता मापपट्टी. मी एकदा फुलदाण्यांची जोडी घेतली होती. रंग, नक्षी, तळ, सगळं नीट पाहिलं, मोजल्या मात्र नाहीत. घरी फळीवर शेजारी ठेवल्या तेव्हा एक दुसरीपेक्षा चार मिलिमीटरनी बुटकी निघाली. तिच्या काठाला कधीतरी टवका गेला होता आणि काठ गोल घासून सपाट केला होता. घासलेल्या काठावर ग्लेझ नसतं, खरखरीत पांढरी माती किंवा तिच्यावर दिलेला रंग असतो. बोट फिरवलं असतं तरी कळलं असतं. मागितली असती तर विक्रेत्यांनी मापं दिलीच असती, मी मागितली नव्हती.

मूर्तींच्या बाबतीत माप आणखी बोलकं असतं. चिनी माती वाळताना आणि भाजताना आकसते. खऱ्या मूर्तीवरून साचा काढून नक्कल केली, तर ती मूळ मूर्तीपेक्षा दहा टक्के किंवा त्याहून अधिक लहान भरते आणि बारकावेही बोथट होतात. त्याच नमुन्याच्या विश्वासू नोंदीतल्या उंचीशी ताडून पाहा.

तपासा, पुढे जाण्याआधी: काठ, सांधे, तळ, झाकण, आतली बाजू, माप. सहाही ठिकाणी वहीत काहीतरी लिहिलेलं हवं. "ठीक" एवढं लिहिलं तरी चालेल, रिकामी जागा चालणार नाही.

## पायरी ५: तळावरची खूण, आणि ती शेवटी का

नवखे लोक भांडं उचलतात ते थेट उलटं करून. मग खूण दिसते, मन ठरतं आणि पुढची सगळी तपासणी त्या मनाला अनुकूल होत जाते. खूण करणं हे अख्ख्या वस्तूत सर्वांत सोपं काम आहे, म्हणून ती शेवटचा पुरावा समजा. माती, ग्लेझ, आकार, रंगकाम आणि झीज यांनी एक काळ सुचवलेला असेल आणि खूणही तेच सांगत असेल, तरच तिला वजन.

नेहमी चुकणाऱ्या काही खुणा:

चिनी राजवटीच्या खुणा. जुन्या सम्राटाचं नाव लिहिणं ही चिनी कुंभारांची रीतच होती. कांग्शीच्या काळातल्या भांड्यांवर मिंग सम्राट चेंगहुआच्या (१४६५–१४८७) खुणा सर्रास सापडतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांवर कांग्शीची चार अक्षरी खूण तितकीच सर्रास असते. खूण वाचता येणं उपयोगाचं आहे, पण तिच्यातलं वर्ष हे भांड्याचं वर्ष नव्हे.

माइसेन या जर्मन पोर्सिलेन कारखान्याच्या तलवारी. फुलीसारख्या दोन तलवारी ग्लेझच्या खाली, निळ्या रंगात असतात. त्या ग्लेझच्या वर असतील, म्हणजे बोटाला लागत असतील, तर सावध व्हा. तलवारींवर आडवे कोरलेले ओरखडे असतील, तर तो माल कारखान्याने दुय्यम ठरवलेला किंवा न रंगवता विकलेला. त्यावरचं रंगकाम बाहेर झालेलं असण्याची शक्यता मोठी.

सेव्र या फ्रेंच पोर्सिलेन कारखान्याचे एकमेकांत गुंफलेले दोन 'एल'. मधल्या अक्षरावरून वर्ष कळतं, ही पद्धत १७५३ मध्ये 'ए' पासून सुरू झाली. जगात सर्वाधिक नकला झालेल्या खुणांपैकी ही एक आहे.

'लिमोज'. हे फ्रान्समधलं शहर आहे. तिथे अनेक कारखाने होते, तेव्हा नुसतं 'लिमोज' वाचून काहीच ठरत नाही. इथल्या भांड्यांवर बरेचदा दोन खुणा असतात: ग्लेझखालची, भांडं घडवणाऱ्याची, आणि ग्लेझवरची, रंगवणाऱ्याची. दोन्हींची नोंद घ्या.

मुकुटाखालचं 'एन'. हे दिसलं की 'कापोदिमोन्ते', म्हणजे नेपल्सच्या जुन्या नामांकित कारखान्याचं, म्हणून विकलं जातं. ही खूण नंतर कितीतरी कारखान्यांनी वापरली.

ब्रिटिश हिऱ्याची खूण. १८४२ ते १८८३ या काळात नोंदवलेल्या नक्षीवर ती असते आणि तिच्या कोपऱ्यांतल्या अक्षर-अंकांवरून दिवस, महिना, वर्ष काढता येतं. १८८४ पासून तिची जागा 'आरडी' क्रमांकाने घेतली. ही तारीख नक्षीच्या नोंदणीची आहे, भांड्याच्या निर्मितीची नाही. तीच नक्षी पुढे वर्षानुवर्षं निघालेली असू शकते.

देशाचं नाव. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव असणं बंधनकारक केलं आणि १८९१ पासून 'इंग्लंड', 'चायना' असे शिक्के वाढले. 'मेड इन इंग्लंड' सहसा विसाव्या शतकातलं. उलटा निष्कर्ष मात्र काढू नका: देशाचं नाव नाही म्हणजे वस्तू १८९१ आधीची, असं सिद्ध होत नाही. दुसऱ्या बाजारांसाठीचा माल होता, कागदी लेबलं होती, आणि शिक्का घासूनही काढता येतो. खुणेच्या जागी ग्लेझ मॅट किंवा खडबडीत दिसलं, तर भिंग लावा.

पॅरिसमधल्या सॅमसन या कारखान्याचं नाव इथे घ्यायलाच हवं. १८४५ मध्ये स्थापन झालेल्या या घराने माइसेन, सेव्र, चेल्सी, चिनी निर्यात पोर्सिलेन, सगळ्यांच्या प्रतिकृती केल्या. चेल्सी या लंडनमधल्या अठराव्या शतकातल्या कारखान्याचं मूळ पोर्सिलेन मऊ, साय धरल्यासारखं. सॅमसनचं कठीण आणि करडेपणाकडे झुकणारं. हातात दोन्ही एकदा घेतली की फरक विसरत नाही. सॅमसनच्या वस्तूही आज लोक गोळा करतात. सॅमसन म्हणून घेणं चांगलं, चेल्सीच्या किमतीला घेणं नाही.

महागड्या मातीच्या वस्तूंना, उदाहरणार्थ तांग काळातल्या (६१८–९०७) घोड्यांना, थर्मोल्युमिनेसन्स चाचणीचा (माती शेवटची कधी भाजली याचा अंदाज देणाऱ्या चाचणीचा) दाखला जोडलेला असतो. नमुना कुठून घेतला ते वाचा. जुन्या भांड्याचे तुकडे बैठकीत बसवून बाकीचं अंग नव्याने घडवलेल्या वस्तू बाजारात आलेल्या आहेत. नमुना एकाच जागेचा असेल, तर दाखला फक्त त्या जागेबद्दल बोलतो.

## पायरी ६: बोलीची मर्यादा उलट बाजूने काढा

हातोडा पडतो ती रक्कम म्हणजे किंमत नव्हे. तिच्यावर बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलावघर खरेदीदाराकडून घेतं ते शुल्क, चढतं. अनेक ठिकाणी ते २० ते ३० टक्क्यांच्या दरम्यान असतं. प्रीमियमवर कर, ऑनलाइन मंचाचं शुल्क, पॅकिंग, वाहतूक, विमा, आणि सीमा ओलांडत असेल तर आयात कर. यांचे दर त्या त्या घराच्या अटींत पाहा.

आता गणित. समजा सगळं धरून १५०० पेक्षा जास्त घालवायचे नाहीत. वाहतूक-पॅकिंगचे १०० आधीच विचारून घेतले आहेत. प्रीमियम २५ टक्के, त्या प्रीमियमवर २० टक्के कर, म्हणजे हातोड्याच्या रकमेच्या ५ टक्के, आणि ऑनलाइन मंचाचे कर धरून आणखी ५ टक्के. एकूण चढ ३५ टक्के.

१५०० − १०० = १४००
१४०० ÷ १.३५ = सुमारे १०३७

बोली ५० च्या टप्प्याने चढत असेल, तर तुमची शेवटची बोली १०००. १०५० नाही. बहुतेक जण इथे "१५०० आहेत ना" म्हणून १४०० पर्यंत जातात आणि बिल हातात आल्यावर जवळजवळ २००० मोजतात.

दुरुस्तीचा खर्चही इथेच वजा करा. "किरकोळ आहे, नीट करून घेईन" हे वाक्य मनात आलं, की दुरुस्ती करणाऱ्याकडून आधी अंदाज घ्या. चांगल्या हाताचं काम कित्येकदा भांड्यापेक्षा महाग पडतं.

> थांबा: ही रक्कम आदल्या रात्री कागदावर लिहा. लिलाव सुरू झाल्यावर ती फक्त खाली येऊ शकते, वर जाऊ शकत नाही.

## पायरी ७: बोली

नोंदणी एक दिवस आधी करा. ओळखपत्र आणि अनामत मागतात आणि शेवटच्या तासात मंजुरी अडकते. त्या दिवशी सूचीतले बदल पुन्हा पाहा. लॉट काढून घेतला जातो, वर्णन दुरुस्त होतं, आणि तशी घोषणा सभागृहात झाली की मूळ सूचीपेक्षा तीच ग्राह्य धरली जाते.

बऱ्याच सभागृहांत तासाला शंभराच्या आसपास लॉट निघतात, म्हणजे एका वस्तूला अर्धं-पाऊण मिनिट. विचार करायला तिथे वेळ नसतो, म्हणूनच तो आधी करायचा. मोह आवरत नसेल तर लेखी बोली ठेवा. ती लवकर ठेवा, कारण समान रकमेच्या दोन लेखी बोल्यांत सहसा आधी आलेली जिंकते. ऑनलाइन बोली लावत असाल तर चित्र आणि आवाज काही क्षण मागे असू शकतात, हे धरून चाला.

मर्यादा ओलांडली की हात खाली आणि पान उलटा. मोठ्या प्रमाणावर बनलेलं जवळपास प्रत्येक भांडं पुन्हा कुठेतरी विक्रीला येतंच.

## पायरी ८: ताबा आणि पॅकिंग

वस्तू सगळ्यात जास्त फुटतात त्या लिलाव आणि घर यांच्या मधे. ताबा घेतानाच, सही करण्याआधी, वहीतल्या सहा जागा पुन्हा पाहा आणि फोटो काढा. नवा टवका दिसला तर तिथेच, लेखी.

पॅकिंगचा क्रम असा:

1. झाकण, तबक, सुटे भाग वेगळे गुंडाळा. झाकण जागेवर ठेवून चिकटपट्टी लावली, की धक्क्यात दोन्हीचे काठ जातात.
2. पहिला थर आम्लरहित मऊ कागदाचा. वर्तमानपत्राची शाई मातीच्या उघड्या भागात मुरते. चिकटपट्टी भांड्याला थेट कधीच लावू नका, सोनेरी मुलामा तिच्यासोबत निघतो.
3. तोटी, मूठ आणि अंग यांच्यामधल्या पोकळ्या कागदाने भरा. आतून हलका भराव घाला, ठासून नको.
4. मग बबल रॅपचे दोन-तीन थर.
5. खोक्यात खोकं: आतल्या खोक्याभोवती सगळ्या बाजूंनी किमान पाच सेंटीमीटर भराव.
6. बशा आडव्या थप्पीत नकोत, उभ्या ठेवा. काठावर उभी बशी धक्का जास्त सोसते.

तपासा: बंद खोकं हलकेच हलवा. आत काही सरकल्याचं जाणवलं तर उघडून पुन्हा भरा.

## पायरी ९: घरी आल्यावरचा पहिला आठवडा

लगेच धुवायला घेऊ नका. वस्तू खोलीच्या तापमानाला येऊ द्या, दिवसाच्या उजेडात पुन्हा पाहा. दुरुस्ती, चिकटवलेले सांधे, ग्लेझवरचे सुटणारे रंग, क्रेझिंग असलेलं अर्दनवेअर, यांना पाण्यात बुडवायचं नाही, मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झटकली की पुरे. धड पोर्सिलेन असेल तर प्लास्टिकच्या टबात, तळाशी टॉवेल, कोमट पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब, एका वेळी एकच वस्तू. डिशवॉशर नाही. सोनेरी रेघ घासायची नाही.

तपकिरी डाग दिसला की ब्लीच लावण्याची चूक फार होते. ब्लीचमधले क्षार मातीत मुरतात, वाळताना त्यांचे स्फटिक होतात आणि ते आतून ग्लेझ ढकलून पाडतात. डाग गेला, भांडंही गेलं, असं होतं. डाग राहू द्या किंवा जाणत्या दुरुस्तीकाराकडे न्या.

> थांबा: जुन्या ग्लेझमध्ये आणि रंगांत शिसं असू शकतं. संग्रहातल्या भांड्यात खाणंपिणं नको, आंबट पदार्थ तर मुळीच नको.

भिंतीवर बशी टांगायची असेल तर घट्ट स्प्रिंगची उघडी तार टाळा. ती काठ चिमटते, आणि चीर असेल तर तिला रोज थोडं थोडं ताणत राहते. थप्पीत ठेवलेल्या बशांमध्ये फेल्टच्या चकत्या घाला. पेले मुठीवर लटकवू नका.

प्रत्येक वस्तूसाठी एक पान करा: लॉट क्रमांक, लिलावाची तारीख, सूचीतलं वर्णन जसंच्या तसं, कंडिशन रिपोर्ट, हातोड्याची रक्कम आणि प्रत्यक्ष बिल, तुमची मापं, सहा जागांच्या नोंदी, तळाचा फोटो. पुढे विमा काढताना, विकताना किंवा दुसऱ्याच्या हाती सोपवताना हेच पान उपयोगी पडतं.

आणि तळाला चिकटलेलं जुनं लेबल, जुना लॉट क्रमांक, कुणाच्या संग्रहाची चिठ्ठी असेल, तर ती कितीही मळकी असली तरी खरवडू नका. पाण्यापासून दूर ठेवा, तिचा वेगळा फोटो काढा आणि त्यावर लिहिलेलं अक्षरन् अक्षर त्या पानावर उतरवून घ्या.